टिनटिन आणि 'चोरलेला' पेपर

परवा भाची सुट्टीला आली होती आणि मी तिला टिनटिन या बेल्जियन चित्रकथेतलं 'द क्रॅब विथ द गोल्डन क्लॉज' वाचून दाखवत होते, म्हणजे पुस्तक इंग्रजी आणि मी आपली मराठीत सांगतेय असं. मधेच तिनं मला थांबवलं आणि विचारलं, मावशी, सगळीकडे बारीक बारीक चौकटी आहेत मग हे एकच चित्र अख्ख्या पानभर का काढलंय? प्रश्न अगदी बरोबर होता. त्या पुस्तकात अशी पानभर चित्रं चार आहेत, आणि ती का आहेत याचं उत्तर चित्रकलेत नाही, कागदात आहे. १९४१ साली बेल्जियममध्ये कागद मिळेनासा झाला होता, त्यात आहे. तिला तेव्हा दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं पण माझं मलाच ते पुरेना, म्हणून आज पहिल्यापासून नीट लिहितेय, कारण टिनटिन आपल्यापैकी खूप जणांनी लायब्ररीतून आणून आणून वाचलाय पण तो मुळात पुस्तक म्हणून जन्माला आलाच नाही हे फार कमी जणांना माहीत असतं. तो पेपरात यायचा. आणि सगळ्यात गाजलेल्या गोष्टी ज्या पेपरात आल्या तो पेपर त्या वेळी जर्मनांच्या ताब्यात होता.

आधी माणूस कोण ते. टिनटिन काढणारा चित्रकार हर्जे, पण हर्जे हे खरं नाव नाही. जॉर्ज रेमी हे नाव, त्याची आद्याक्षरं जी आणि आर, ती उलटी केली की आर-जी, आणि फ्रेंचमध्ये त्याचा उच्चार 'एर-जे' असा होतो, तेच टोपणनाव. जन्म १९०७ चा, ब्रसेल्सचा. तिथे 'ल व्हांतिएम सिएक्ल' म्हणजे 'विसावं शतक' नावाचा एक कट्टर कॅथलिक पेपर होता, तो चालवायचे नॉर्बेर वालेझ नावाचे एक पाद्री, आणि त्यांनी या पोराला मुलांची पुरवणी सांभाळायला दिली. दर गुरुवारी निघणारी. त्या पुरवणीत १० जानेवारी १९२९ ला टिनटिन पहिल्यांदा आला, सोबत कुत्रा.

आपल्याकडे मासिकातली कादंबरी कशी असायची, शेवटी 'क्रमशः' लिहिलेलं, आणि मग महिनाभर घरात सगळे अंदाज बांधत बसायचे, तसंच हे, फक्त आठवड्याचं. दर गुरुवारी दोन पानं, काळी-पांढरी. गोष्ट वर्षभर चालायची, मग ती सगळी पानं एकत्र करून पुस्तक काढायचं, त्याला अल्बम म्हणतात. हे अल्बम तेव्हा शंभराच्या वर पानांचे असायचे, ऐसपैस. आणि त्यातला टिनटिन हा बातमीदार होता म्हणजे खरोखरच बातम्यांच्या मागे धावणारा होता. 'द ब्लू लोटस'मध्ये जपानने चीनमधल्या मांचुरियात घुसण्यासाठी रेल्वेरुळांवर घडवून आणलेला स्फोट जवळपास जसाच्या तसा आहे. १९३८-३९ च्या 'किंग ऑटोकार्स सेप्टर'मध्ये एका छोट्या देशाला शेजारचा मोठा देश गिळायला बघतोय अशी गोष्ट आहे आणि त्यातल्या खलनायकाचं नाव म्युस्टलर, म्हणजे मुसोलिनी आणि हिटलर एकत्र. हिटलरने नुकताच ऑस्ट्रिया गिळला होता तेव्हाची ही गोष्ट. हे लक्षात ठेवा, कारण पुढे काय बदललं ते कळायला हेच लागणार आहे.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटलं. बेल्जियम अजून तटस्थ होता. हर्जेने त्याच महिन्यात नवी गोष्ट सुरू केली, 'लँड ऑफ ब्लॅक गोल्ड', तेलाच्या भानगडीची, मध्यपूर्वेत घडणारी, आणि खलनायक डॉक्टर म्युलर नावाचा जर्मन. ९ मे १९४० ला, गुरुवारी, पुरवणीचा अंक निघाला. १० मेला पहाटे जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसलं. पुढचा गुरुवार आलाच नाही. पेपर बंद, पुरवणी बंद, गोष्ट अर्धवट, टिनटिन वाळवंटात अडकलेला तसाच. हर्जे बायकोला घेऊन फ्रान्सकडे पळाला, लाखो लोक पळत होते तसाच. २८ मेला बेल्जियमने शस्त्रं खाली ठेवली. राजा तिसरा लिओपोल्ड देश सोडून गेला नाही, आणि लोकांनी परत येऊन कामाला लागावं असं वातावरण तयार झालं, जूनच्या शेवटी हर्जेसुद्धा ब्रसेल्सला परतला. पण काम कुठे करणार, ज्या पेपरात तो दहा-बारा वर्षं होता तो जर्मनांनी परत सुरूच होऊ दिला नाही.

आता मुख्य भाग, आणि इथे जरा सावकाश जाऊया कारण इथेच गुंता आहे.

'ल स्वार' म्हणजे 'संध्याकाळ'. १८८७ पासूनचा पेपर, रोसेल कुटुंबाचा, फ्रेंच बोलणाऱ्या बेल्जियममधला सगळ्यात मोठा. जर्मन आले तेव्हा तो छापणं थांबवलं. मग झालं काय तर जर्मनांनी ते नाव, ती मशिनं, ती ऑफिसं सगळं ताब्यात घेतलं आणि आपलं ऐकणाऱ्या लोकांच्या हाती देऊन जून १९४० मध्ये त्याच नावानं पेपर परत सुरू केला. संपादक रेमों द बेकर. मूळ मालकांचा काही संबंध नाही. दिसायला तोच पेपर, तेच नाव, तीच अक्षरं, आत मात्र जर्मनांना चालेल तेच. बेल्जियमचे लोक त्याला 'ल स्वार व्होले' म्हणायला लागले, म्हणजे चोरलेला 'स्वार'.

मग लोक तो विकत का घेत होते? हा प्रश्न मला खूप दिवस पडायचा. तर एक म्हणजे रेशनच्या सूचना, कुठलं कूपन कधी चालणार, हे सगळं पेपरातूनच कळणार. निधनाच्या बातम्या, जाहिराती, नोकऱ्या. दुसरं म्हणजे सवय. आणि म्हणून खप तीन लाखांच्या आसपास राहिला, जो हर्जेच्या जुन्या पेपरापेक्षा कितीतरी पट जास्त. सगळ्यांनीच मान तुकवली असं मात्र नाही. बऱ्याच पत्रकारांनी घरी बसणं पत्करलं, काहींनी भूमिगत पत्रकं काढली, 'ला लिब्र बेल्जिक' हा पेपर तर चोरून छापून वाटला जायचा आणि पकडलं गेलं तर सरळ तुरुंग. म्हणजे 'दुसरा मार्गच नव्हता' असं म्हणता येत नाही. मार्ग होता, अवघड होता. हर्जेने सोपा घेतला. मला त्याची चित्रं जिवापाड आवडतात आणि तरीही मी हे असंच लिहिणार, कारण ते खरं आहे.

आणि पेपरला तो का हवा होता हेही बघायला पाहिजे. ताब्यातल्या पेपरची सगळ्यात मोठी गरज कुठली, तर सगळं कसं नेहमीसारखं चाललंय असं दिसणं. घरातल्या पोरांचा लाडका टिनटिन ज्या पेपरात येतो तो पेपर परका वाटत नाही. बाप राजकारणासाठी नाक मुरडत असेल पण पोरगं पुरवणीसाठी हट्ट धरतंच ना. म्हणजे टिनटिनच्या चौकटीत एक शब्द प्रचाराचा नसला तरी तो तिथे असणं हेच पेपरच्या कामाचं होतं.

१७ ऑक्टोबर १९४० ला 'ल स्वार जनेस' ही मुलांची पुरवणी सुरू झाली, गुरुवारचीच, संपादक हर्जे, मदतीला त्याचे मित्र जाक व्हान मेल्केबेके आणि पॉल जामें. 'ब्लॅक गोल्ड' पुढे चालू ठेवणं शक्यच नव्हतं, जर्मन खलनायक कोण छापून देणार. मग नवी गोष्ट, अफूची तस्करी, खेकड्याच्या मांसाचे डबे, 'काराबूजान' नावाची बोट, तीच 'द क्रॅब विथ द गोल्डन क्लॉज'. आणि त्या बोटीवर, जानेवारी १९४१ मध्ये, एक रडका दारुडा कप्तान भेटतो. कॅप्टन हॅडॉक. आपण ज्याच्या शिव्या पाठ केल्या तो माणूस त्या चोरलेल्या पेपरच्या मुलांच्या पुरवणीत जन्मला.

मग कागद संपायला लागला. ८ मे १९४१ पासून पुरवणी चार पानांवर आली आणि टिनटिनची जागा एकदम दोन-तृतीयांशाने कमी झाली, म्हणजे जिथे आधी तीन भाकऱ्या वाढल्या जायच्या तिथे आता एक. ३ सप्टेंबरला पुरवणीच बंद पडली. आणि २३ सप्टेंबरपासून टिनटिन मुख्य पेपरात आला, रोजचा, पण रोज फक्त एक पट्टी. एक आडवी ओळ, तीन-चार चौकटी, बस. मोठ्या माणसांच्या बातम्यांच्या पानावर. अशी ती गोष्ट १८ ऑक्टोबरला संपवली. नंतर ती रंगीत अल्बमसाठी मांडायला घेतली तेव्हा ठरलेली पानं भरेनात, चार कमी पडली, म्हणून चार जागी पानभर चित्रं टाकली. हे भाचीच्या प्रश्नाचं उत्तर.

आता आठवड्याच्या दोन पानांऐवजी रोज एक पट्टी, याने एवढा काय फरक पडतो असं वाटेल, पण खूप पडतो. दोन पानं असली की चित्रकार जरा रेंगाळू शकतो, एखादं दृश्य रंगवू शकतो, शेवटच्या चौकटीत धक्का दिला की आठवडा निघाला. रोजच्या पट्टीत मात्र चौथ्या चौकटीला काहीतरी व्हायलाच पाहिजे, विनोद तरी नाहीतर धक्का तरी, नाहीतर वाचणाऱ्याला उद्या आठवणारच नाही. आणि पुन्हा पहिल्या चौकटीत काल काय झालं त्याची हलकीशी आठवणही द्यायची. हे रोज. आठवड्याला सहा वेळा.

घरी करून बघा. आम्ही केलं. 'द सीक्रेट ऑफ द युनिकॉर्न' घेतलं, एक जाड पुठ्ठा घेतला आणि पानावर असा ठेवला की वरची एकच ओळ दिसेल. ती वाचायची, थांबायचं, मग पुठ्ठा खाली सरकवायचा. पुस्तकात मांडताना हर्जेने चौकटी इकडच्या तिकडे केल्यात त्यामुळे प्रत्येक ओळ म्हणजे पेपरातली एक पट्टी असं काही नाही, पण चाल लगेच कळते. कोणीतरी दचकतंय, कोणीतरी दार उघडतंय, थॉमसन-थॉम्पसन या गुप्तहेर जोडीपैकी एकाचं पाकीट गेलंय, आणि दर दोन ओळींनी भाची म्हणतेय मावशी सरकव ना. तेच जुना 'टिनटिन इन अमेरिका' घेऊन केलं तर तशी ओढ लागत नाही. ही जी ओढ आहे ना ती त्या रोजच्या पट्टीनं लावलेली शिस्त आहे, आणि रोजची पट्टी का आली तर कागद नव्हता म्हणून.

पुस्तकांचंही तसंच झालं. अल्बम काढायचं कास्तरमान हे प्रकाशन, तूर्ने गावातलं. युद्धात मागणी वाढत होती आणि कागद कमी होत होता. १०० च्या वर पानांचे अल्बम परवडेनात. तेव्हा ठरलं की पानं कमी करायची पण रंगीत करायची. छापखान्याचं गणित ज्यांना माहीत आहे त्यांना लगेच कळेल: मोठ्या कागदाला घड्या घालून १६ पानांचा एक फर्मा होतो, असे चार फर्मे म्हणजे ६४ पानं, त्यातून सुरुवातीची पानं गेली की गोष्टीला उरतात ६२. टिनटिनचं जवळपास कुठलंही रंगीत पुस्तक काढा आणि शेवटचा पान-नंबर बघा, ६२. आज आपल्याला वाटतं की हा काहीतरी कलेचा नियम असणार, तर तो युद्धातल्या टंचाईचा नियम आहे. आणि मग जुने काळे-पांढरे अल्बमसुद्धा त्याच मापात बसवायला घेतले, कापून, जोडून, पुन्हा काढून. हे काम एवढं वाढलं की १९४४ च्या सुरुवातीपासून एडगार जेकब्स हा चित्रकार हाताशी घ्यावा लागला. सगळेच अल्बम पुन्हा छापता येत होते असंही नाही, अमेरिकेतली गोष्ट आणि ब्रिटनमधली 'द ब्लॅक आयलंड' या दोन जर्मनांना चालत नव्हत्या कारण ते शत्रूचे देश.

मधे एक छोटीशी गोष्ट, आपल्या बाजूची म्हणून सांगते. एप्रिल १९४१ मध्ये ब्रसेल्सच्या एका थिएटरात टिनटिनचं नाटक झालं आणि त्याचं नाव होतं 'टिनटिन भारतात, निळ्या हिऱ्याचं रहस्य'. हर्जे आणि व्हान मेल्केबेके यांनी लिहिलेलं. आज त्याची मूळ संहिता सापडत नाही, फार हळहळ वाटते.

आता येते ती गोष्ट जिच्याबद्दल बोलायला मला जड जातं. 'द शूटिंग स्टार'. २० ऑक्टोबर १९४१ ते २१ मे १९४२, एकूण १७७ पट्ट्या, पहिली गोष्ट जी पूर्णच्या पूर्ण रोज-रोज आली, आणि पहिला अल्बम जो थेट रंगीत निघाला. सुरुवात जबरदस्त आहे. आकाशात एक तारा मोठा मोठा होतोय, उकाडा एवढा की रस्त्याचं डांबर वितळतंय, उंदीर रस्त्यावर आलेत, आणि एक वेडा म्हातारा घंटा बडवत जगाचा शेवट आला म्हणून ओरडत फिरतोय. ताबा आलेल्या शहरातली रात्र कशी असेल हे त्या पानांवरून अंगावर येतं. पुढे आर्क्टिकमध्ये उल्का पडते, तिच्यात अनोळखी धातू आहे, आणि ती आधी कोण गाठणार याची शर्यत.

शर्यतीत दोन बोटी. टिनटिनच्या बोटीवरचे शास्त्रज्ञ बघा कुठले आहेत: स्वीडन, स्पेन, पोर्तुगाल, स्वित्झर्लंड, जर्मनी. एक जर्मनी सोडलं तर बाकी तटस्थ देश. विमान आहे ते जर्मन बनावटीचं आराडो. आणि समोरच्या, लबाड बोटीवर झेंडा अमेरिकेचा, आणि तिला पैसे पुरवणारा एक जाड्या नाकाचा बँकर, नाव ब्लूमेनस्टाइन. म्हणजे ज्यू. गोष्ट सुरू झाली तेव्हा अमेरिका युद्धात नव्हती, डिसेंबर १९४१ मध्ये उतरली आणि जर्मनीने तिच्याविरुद्ध युद्ध पुकारलं, गोष्ट मात्र चालूच. त्याशिवाय पेपरात एक पट्टी आली होती ज्यात दोन ज्यू व्यापारी दाखवलेत, आयझॅक आणि सॉलोमन, जगाचा शेवट होणार हे ऐकून एक जण हात चोळत खूश होतो की बरं झालं, देणेकऱ्यांचे ५०,००० फ्रँक द्यावे लागणार नाहीत. अल्बम काढताना हर्जेने ती पट्टी काढून टाकली. पण पेपरात ती लाखो घरांत जाऊन आली होती.

ही पट्टी एकटी बघितली तर कोणी म्हणेल त्या काळात असले विनोद सगळेच करायचे. म्हणून तारखा शेजारी-शेजारी ठेवायला पाहिजेत. ज्यूंविरुद्धचे पहिले हुकूम बेल्जियममध्ये ऑक्टोबर १९४० मध्येच निघाले होते, म्हणजे मुलांची पुरवणी सुरू झाली त्याच महिन्यात. 'शूटिंग स्टार' २१ मे १९४२ ला संपली. २७ मेला ज्यूंनी कपड्यावर पिवळा तारा लावायचा हुकूम निघाला. सहा दिवस. ११ जूनला पेपरात 'युनिकॉर्न' सुरू झाली. ४ ऑगस्टला मेखेलेन गावातल्या बराकीतून ऑशविट्झच्या मृत्यूछावणीकडे पहिली गाडी सुटली, आणि पुढच्या दोन वर्षांत तिथून २५,००० च्या वर ज्यू माणसं नेली गेली, फार थोडी परत आली. यातली मुलं आदल्या महिन्यापर्यंत टिनटिन वाचत नसतील कशावरून. मला हे लिहितानाही कसंतरी होतं. हर्जेने त्या पट्टीमुळे कुणाला गाडीत बसवलं असं मी म्हणत नाही, पण ज्या पानावर त्याचं चित्र होतं ते पान कुठल्या बाजूला उभं होतं हे त्याला दिसत नव्हतं असं मला नाही वाटत.

पुढे १९५० च्या दशकात त्याने अमेरिकेचा झेंडा काढून 'साओ रिको' नावाचा खोटाच देश घातला आणि बँकरचं नाव बदलून बोलविंकल केलं. ब्रसेल्सच्या बोलीत त्याचा अर्थ होतो गोळ्या-चॉकलेटचं दुकान, म्हणून निवडलं. नंतर कळलं की या नावाचीही खरी ज्यू आडनावं आहेत. चेहरा तोच राहिला. आज आपण वाचतो ती ही बदललेली आवृत्ती.

'शूटिंग स्टार'नंतर मात्र राजकारण पूर्ण गायब. 'द सीक्रेट ऑफ द युनिकॉर्न' जून १९४२ ते जानेवारी १९४३, आणि तिचा पुढचा भाग 'रेड रॅकहॅम्स ट्रेझर' फेब्रुवारी ते सप्टेंबर १९४३. जुना बाजार, जहाजाची लाकडी प्रतिकृती, चर्मपत्राचे तीन तुकडे, हॅडॉकचा पूर्वज, समुद्रातला खजिना. जुना बाजार खरा आहे, ब्रसेल्सचा प्लास द्यु झ द बाल, अजून भरतो. बहिऱ्या प्रोफेसर कॅल्क्युलसची एन्ट्री याच काळातली. आठवा, हा तोच माणूस ज्याने चार वर्षांपूर्वी म्युस्टलर काढला होता. आता बाहेर युद्ध, उपासमार, धरपकड, आणि आत त्यातलं काहीही नाही, तीन-चार चौकटींत रोज थोडा समुद्र. लोकांना ते हवंच असणार. मला या दोन गोष्टी सगळ्या टिनटिनमध्ये सरस वाटतात.

नोव्हेंबर १९४३ मध्ये एक प्रकार घडला जो वाचून मी अक्षरशः उठून उभी राहिले. 'फ्रों द लिंदेपाँदांस' या प्रतिकार करणाऱ्या संघटनेच्या लोकांनी 'ल स्वार'चा एक बनावट अंक तयार केला. हुबेहूब तसाच मथळा, तशीच मांडणी, आत मात्र जर्मनांची उघड टिंगल. ५०,००० प्रती छापल्या आणि ९ नोव्हेंबरला त्यातल्या काही सरळ पेपरच्या स्टॉलवर नेऊन ठेवल्या, नेहमीच्या गठ्ठ्यासारख्या. लोकांनी नेहमीसारखे पैसे दिले, घडी उघडली, आणि रस्त्यातच वाचत उभे राहिले. चोरलेला पेपर एका संध्याकाळीपुरता परत चोरून आणला. त्यासाठी नंतर माणसं पकडली गेली, काही परत आली नाहीत. टिनटिन त्या दिवसांत पेपरात नव्हता, एक गोष्ट संपली होती आणि दुसरी डिसेंबरात सुरू व्हायची होती.

ती दुसरी म्हणजे 'द सेव्हन क्रिस्टल बॉल्स', १६ डिसेंबर १९४३ पासून. इन्काच्या ममीचा शाप, एकामागून एक शास्त्रज्ञ बेशुद्ध पडतायत. त्यातल्या प्रोफेसरचा बंगला जेकब्स आणि हर्जेने एका खऱ्या घरावरून काढला आणि मागाहून कळलं की ते घर एसएसच्या, म्हणजे नाझींच्या खास दलाच्या, ताब्यात होतं. १९४४ च्या उन्हाळ्यात हर्जे आजारी पडला, पार खचला होता, दोन महिने पट्टीच नाही. परत सुरू झाली. २ सप्टेंबरला एक पट्टी आली. ३ सप्टेंबरला ब्रिटिश सैन्य ब्रसेल्समध्ये शिरलं. आणि पुन्हा तेच, गोष्ट अर्धवट, पुढचा अंक नाही. चार वर्षांपूर्वी जर्मन आले म्हणून थांबली होती, आता जर्मन गेले म्हणून थांबली.

'ल स्वार' तीनच दिवसांत मूळ लोकांच्या हाती परत सुरू झाला. हर्जेला वेगवेगळ्या यंत्रणांनी मिळून चार वेळा अटक केली, एक रात्र कोठडीत गेली. ताब्याच्या काळात ज्यांनी ज्यांनी पेपरात काम केलं त्या सगळ्यांना काम करायला बंदी आली. प्रतिकारवाल्यांच्या 'ला पात्री' या पेपरने तर 'टिनटिन नाझींच्या देशात' अशी पट्टीच काढली. संपादक द बेकर यांना फाशीची शिक्षा झाली, नंतर ती कमी झाली. हर्जेवर मात्र खटला भरायचा नाही असं डिसेंबर १९४५ मध्ये ठरलं, मुलांची चित्रं काढणारा माणूस म्हणून. तो स्वतः पुढे अनेक वर्षं म्हणत राहिला की इंजिन ड्रायव्हर गाडी चालवतच होता, बेकरीवाला पाव भाजतच होता, मग मीच गुन्हेगार कसा. मला हे पटत नाही. पाव खाल्ल्यावर कुणाचं मत बदलत नाही, पेपर वाचल्यावर बदलतं, आणि टिनटिनला रोज लाखो लोक शोधत होते ते त्याच पेपरच्या पानांत.

बाहेर काढलं कोणी तर रेमों लब्लां नावाच्या माणसाने, जो स्वतः प्रतिकारात होता. त्याला मुलांचं साप्ताहिक काढायचं होतं, त्याच्या शब्दाला वजन होतं, त्याने खटपट करून हर्जेला सद्वर्तनाचा दाखला मिळवून दिला. २६ सप्टेंबर १९४६ ला 'टिनटिन' साप्ताहिक निघालं, आणि त्यात इन्काच्या शापाची गोष्ट, दोन वर्षं अडकलेली, पुढे सुरू झाली.

'ब्लॅक गोल्ड'ला मात्र अजून थांबावं लागलं. ती १६ सप्टेंबर १९४८ ला परत आली, पहिल्यापासून नव्याने. ९ मे १९४० चा अंक दहाव्या वर्षी वाचलेलं पोर आता अठराचं झालं होतं. आणि एक अडचण होती, ती गोष्ट सुरू झाली होती तेव्हा हॅडॉक जन्मलाच नव्हता, पण १९४८ च्या मुलांना हॅडॉकशिवाय टिनटिन चालणारच नव्हता. मग हर्जेने काय केलं, सुरुवातीला हॅडॉक एक फोन करतो की मला आरमारात बोलावलंय, आणि गायब होतो. पूर्ण पुस्तकभर नाही. अगदी शेवटी टिनटिन संकटात असताना हा कुठूनतरी उगवतो. सगळे विचारतात तू इथे कसा, आणि तो सांगायला लागतो की सोपं आहे तसं आणि गुंतागुंतीचंही आहे, आणि दरवेळी काहीतरी होऊन त्याचं वाक्य अर्धवट राहतं. पुस्तक संपतं, तो सांगतच नाही. काल आम्ही ते वाचून संपवलं तर भाची पुस्तक मागून पुढून उलटवून बघत होती, एखादं पान राहिलंय का म्हणून.